औषधपाणी : चमचा चुकला, गोळी विसरली, फाइल घरीच राहिली

या वेळच्या बहुतेक पत्रांत औषध बरोबर होतं. घोळ झाला तो बाटलीपासून तोंडापर्यंतच्या वाटेत, नाहीतर डॉक्टरांच्या खोलीतल्या त्या पाच-दहा मिनिटांत. उत्तरं एक फॅमिली डॉक्टर आणि एक फार्मासिस्ट अशा दोघांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : आमचं बाळ १० किलोचं आहे. ताप आला की पॅरासिटामॉलचं सिरप ५ एमएल देतो. या वेळी मेडिकलमधून छोटी बाटली मिळाली, तिच्यावर ‘ड्रॉप्स’ लिहिलंय. तेवढंच द्यायचं ना? — एक बाबा

नाही. हे उत्तर सर्वांत आधी छापतोय ते त्यासाठीच.

लहान मुलांचं पॅरासिटामॉल वेगवेगळ्या ताकदींत मिळतं आणि रंग-वासावरून काहीही कळत नाही. साध्या सिरपच्या ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५ एमजी औषध असतं, जास्त ताकदीच्या सिरपच्या ५ एमएलमध्ये २५० एमजी. ड्रॉप्समध्ये बहुधा १ एमएलमध्येच १०० एमजी असतं. म्हणजे ड्रॉप्सचे ५ एमएल पाजले तर बाळाच्या पोटात ५०० एमजी जाईल, मोठ्या माणसाची अख्खी गोळी.

हिशेब वजनावर करायचा. एका वेळी दर किलोला १५ एमजी, त्यापुढे नाही. १० किलोला १५० एमजी. हे १२५ च्या सिरपचे ६ एमएल होतात, २५० च्या सिरपचे ३ एमएल आणि १०० च्या ड्रॉप्सचे फक्त दीड एमएल. दोन डोसमध्ये किमान ४ ते ६ तास जाऊ द्या आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस नकोत. तुमची जुनी बाटली १२५ ची असेल तर तुम्ही देत होतात ते मापातच होतं. २५० ची असेल तर जास्त होत होतं. बाटली अजून घरात असेल तर आत्ताच लेबल वाचून घ्या.

आता चमच्याबद्दल. घरातला चमचा ५ एमएलचा असतो, हा समज आमच्या डोक्याला कायमचा ताप आहे. एक चमचा ३ एमएलचा निघतो, दुसरा ७ चा. सुई नसलेली तोंडावाटे औषध द्यायची सिरिंज मेडिकलमध्ये मिळते, ती घ्या. औषध ओढल्यावर आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढं औषध कमी भरतं. टोक वर धरून टिचकी मारा, हवा बाहेर काढा आणि आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचा. पाजताना सिरिंज जिभेवर सरळ रोखू नका, ठसका लागतो. गालाच्या आतल्या बाजूला लावून थोडं थोडं सोडा. बाळाने ३० मिनिटांच्या आत सगळं ओकून टाकलं तर तोच डोस पुन्हा देता येतो. त्यानंतर ओकलं तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

दिलेली वेळ कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. आईने दिलं ते बाबांना माहीत नाही आणि आजीने दिलं ते दोघांनाही माहीत नाही, असा डबल डोस फार सहज होतो. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पॅरासिटामॉल असू शकतं. ते आणि तापाचं सिरप सोबत दिलं की नकळत दुप्पट.

मोठ्यांनाही हेच लागू. २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे ५०० एमजीच्या ८ गोळ्या किंवा ६५० च्या ६. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा आणखी खाली, ती डॉक्टरांना विचारून ठरवा. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात एका विषारी घटकात बदलतो आणि यकृतातलं ग्लुटाथिओन त्याला लगोलग निकामी करतं. डोस फार झाला की ग्लुटाथिओन संपतं आणि तो घटक यकृताच्या पेशी जाळायला लागतो. फसवणारी गोष्ट अशी की पहिले २४ तास माणूस ठणठणीत दिसू शकतो. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या ८ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. त्यामुळे जास्त डोस गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता बाटली सोबत घेऊन हॉस्पिटल गाठा.

आणि बाळ ३ महिन्यांच्या आतलं असेल, ताप ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल, तर घरी सिरप देऊन बघत बसू नका. थेट डॉक्टरांकडे.

प्रश्न : डॉक्टरांकडे तासभर बसून नंबर लागतो आणि आत पाच मिनिटं मिळतात. बाहेर आल्यावर आठवतं की महत्त्वाचं सांगायचंच राहिलं. — एक शिक्षिका

जे सर्वांत महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात सांगा. बहुतेक पेशंट उलट करतात. सर्दी, गुडघा, जुनी ॲसिडिटी असं सगळं सांगून झाल्यावर दाराच्या कडीला हात लावत म्हणतात, “आणि हो, दोन आठवड्यांपासून जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होतं.” डॉक्टरांना मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि बाहेर पाच जण ताटकळलेले असतात.

घरून निघताना एका कागदावर तीनच ओळी लिहा : काय होतंय, कधीपासून, कशाने वाढतं किंवा कमी होतं. “कधीपासून” याचं उत्तर “बरेच दिवस” असं नको. “तीन आठवडे, रोज पहाटे” असं हवं. प्रश्न पाच असतील तर सुरुवातीलाच तसं सांगा. दोन आज आणि बाकीचे पुढच्या वेळी, असं ठरवता येतं.

दुसरं म्हणजे सगळी औषधं पिशवीत घालून घेऊन या. यादी चालते, पण पाकिटं उत्तम, कारण नाव बरोबर आणि ताकद चुकीची अशा याद्या फार. पिशवीत डोळ्यांचे थेंब, इन्हेलर, मलम, झोपेची अधूनमधून घेतलेली गोळी, वनौषधींची पावडर, व्हिटॅमिन, सगळं आलं पाहिजे. “ते काय औषध नाही” म्हणून जी वस्तू घरी राहते, घोटाळा नेमका तिच्यात असतो. जास्त मात्रेतलं बायोटिन हे त्याचं नेहमीचं उदाहरण. केसांसाठी घेतात आणि त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रोगच नसताना उपचार सुरू व्हायची वेळ येते.

तिसरं अवघड आहे. गोळ्या चुकवत असाल तर तसं सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून “रोज घेतो” म्हणालात आणि बीपी १६० निघालं, तर डॉक्टरांना वाटणार की औषध पुरत नाहीये. ते डोस वाढवतील किंवा दुसरी गोळी जोडतील. पुढच्या आठवड्यात तुम्ही शहाण्यासारख्या दोन्ही गोळ्या घ्याल, बीपी एकदम खाली येईल आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन पडाल. खरं सांगितलं असतं तर जुनीच गोळी सोयीच्या वेळेला बांधून दिली असती.

बीपीसाठी जाणार असाल तर घरच्या नोंदी सोबत न्या. दवाखान्यात घाबरून वाढलेल्या एका आकड्यापेक्षा सात दिवसांची वही जास्त खरं बोलते. मात्र मोजायची पद्धत पाळायला हवी. आधी अर्धा तास चहा-कॉफी आणि सिगारेट नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा बाहीवर न बांधता उघड्या दंडावर बांधा आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. पायावर पाय टाकला, बोलत बसलात किंवा पट्टा दंडाच्या मानाने लहान निघाला, की आकडा खोटा वाढतो. सकाळी गोळी घेण्याआधी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, संध्याकाळी पुन्हा दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढतात. घरची सरासरी १३५/८५ असेल तर ती दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीची समजतात. चांगले आलेले आकडेच लिहून वाईट गाळू नका. त्या वहीचा मग काही उपयोग राहत नाही.

उठण्यापूर्वी चार प्रश्न विचारा : ही गोळी कशासाठी, किती दिवस, गुण येतोय हे कशावरून ओळखायचं आणि नाही आला तर कधी परत यायचं. रिपोर्ट कुणाला आणि कसा विचारायचा हेही तिथेच ठरवून घ्या. “फोन आला नाही म्हणजे नॉर्मल असणार” असं गृहीत धरू नका.

ड्रेसिंग बदलणं, ठरलेलं इंजेक्शन, टाके काढणं, नुसतं बीपी किंवा वजन बघणं, यासाठी दर वेळी डॉक्टरांचीच वेळ लागते असं नाही. नर्सकडे होतं का ते आधी फोन करून विचारा. नेहमीच्या गोळ्या ७ दिवसांच्या उरल्या की नवीन चिठ्ठीचं बघा, शेवटची गोळी हातात घेऊन नको.

काही गोष्टींसाठी मात्र दवाखान्यात नंबर लावूच नये. छातीत दाबून येणारं आणि न थांबणारं दुखणं, तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक उठलेली डोकेदुखी, श्वास घेता न येणं. यातलं काहीही झालं तर ॲम्ब्युलन्स बोलवा. पक्षाघातात लक्षण किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवून सांगा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं की नाही हे त्या वेळेवर ठरतं.

प्रश्न : बीपीच्या गोळीनंतर घोटे सुजायला लागले. दुसऱ्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. आता पायात गोळे येतात. — निवृत्त वाचक

तुमची बीपीची गोळी अमलोडिपिन असावी, पाकीट पाहा. घोटे सुजणं हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. ती बारीक धमन्या सैल करते, पण शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो आणि पायात उतरतो. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी जात नाही. उलट सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि गोळे यायला लागतात. मग पायातल्या गोळ्यांसाठी तिसरी गोळी. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, ही साखळी अशीच वाढते.

एनालाप्रिल, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो, आणि महिनोन्‌महिने खोकल्याची औषधं पिणारे पेशंट असतात. तिथे गोळी बदलून लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली दिली की प्रश्न बहुधा मिटतो. तुमच्या बाबतीत अमलोडिपिनचा डोस कमी करणं, गोळी बदलणं किंवा सोबत वेगळ्या गटातली गोळी देणं असे मार्ग आहेत. मनाने काहीही बंद करू नका. दोन्ही गोळ्या घेऊन एकाच डॉक्टरांकडे जा आणि विचारा, “सूज कधी सुरू झाली आणि ही गोळी कधी, दोन्हींचा संबंध आहे का?” तारखा सोबत असतील तर उत्तम. नवीन गोळीनंतर काही दिवसांत वा आठवड्यांत जे सुरू झालं, त्याचा पहिला संशय त्या गोळीवर घ्यायचा. घोट्यांसोबत धाप लागत असेल, किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. त्याच दिवशी दाखवा.

आणि सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत असाल तर तेही सांगा. बीपीची ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणारी गोळी, लघवीची गोळी आणि वेदनाशामक हे त्रिकूट मूत्रपिंडाला महाग पडतं, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर जास्तच.

प्रश्न : मागच्या वेळच्या ॲझिथ्रोमायसिनच्या दोन गोळ्या उरल्यात. मुलीचा घसा दुखतोय, देऊ का? — एक आई

देऊ नका. घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे असते आणि अँटिबायोटिक विषाणूंना शिवतही नाही. घसा साधारण आठवड्यात, सर्दी दहा दिवसांत आणि खोकला तीन आठवड्यांत जातो. खोकला इतके दिवस राहतो हे लोकांना पटत नाही, म्हणून आठव्या दिवशी अँटिबायोटिक सुरू होतं आणि श्रेयही त्यालाच मिळतं. थुंकी गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, मान आखडली असेल, श्वास घेताना आवाज येत असेल तर तातडीने दाखवा.

जिवाणूंचा संसर्ग असलाच, तरी दोन गोळ्या हा उपचार होत नाही. अपुऱ्या डोसने जिवाणू मरत नाहीत, औषधाला सरावतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच हा इशारा दिला होता. औषध कोर्सप्रमाणे संपवा, पण कोर्स किती दिवसांचा ते डॉक्टर ठरवतात. हल्ली अनेक संसर्गांना पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात, त्यामुळे शेजाऱ्याचे सात दिवस आणि तुमचे पाच, दोन्ही बरोबर असू शकतं.

अँटिबायोटिकच्या पावडरची बाटली मिळाली तर : आधी बाटली हलवून तळाशी बसलेली पावडर मोकळी करा. उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घाला, झाकण लावून जोरात हलवा. फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा आणि पुन्हा हलवा. सगळं पाणी एकदम ओतलं की तळाला गोळा राहतो. पहिले डोस पातळ जातात आणि शेवटचे घट्ट. को-ॲमॉक्सिक्लॅव्ह असेल तर तयार औषध फ्रिजमध्ये ठेवा आणि ७ दिवसांनी उरलेलं टाकून द्या. त्यातलं क्लॅव्हुलॅनेट पाण्यात लवकर मोडतं.

प्रश्न : गोळी घ्यायची विसरले तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? — गृहिणी

नाही. सर्वसाधारण नियम असा : लवकर आठवलं तर घ्या, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडा. अमलोडिपिन शरीरात दीड-दोन दिवस टिकून असते, एक चुकली तर आकाश कोसळत नाही. पण फिट्सची, रक्त पातळ करणारी आणि गर्भनिरोधक गोळी, तसंच इन्सुलिन, यांचे नियम प्रत्येकी वेगळे आहेत. चुकण्याआधीच विचारून लिहून ठेवा.

मेथोट्रेक्सेटबद्दल स्वतंत्र सांगावं लागतं. संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी ती आठवड्यातून एकदाच घेतात. रोज घेतली गेली तर अस्थिमज्जा बंद पडून जीव जाऊ शकतो, आणि अशा चुका झालेल्या आहेत. पाकिटावर वाराचं नाव पेनाने मोठ्या अक्षरांत लिहा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही दिसायला पिवळी असू शकते, म्हणून दोन्ही एका डबीत ठेवू नका.

प्रश्न : थायरॉइडची, कॅल्शियमची आणि लोहाची अशा तिन्ही गोळ्या सकाळी एकदम घेते. तरी टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही.

म्हणूनच येत नाही. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला, म्हणजे तुमच्या थायरॉइडच्या गोळीला, आतड्यातच बांधून ठेवतात. थायरॉक्सिन उठल्याबरोबर साध्या पाण्यासोबत घ्या, नाश्ता आणि चहा-कॉफी अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम-लोहाला किमान ४ तासांचं अंतर ठेवा : लोह दुपारी, कॅल्शियम रात्री. लोहामुळे शौच काळसर होते, घाबरू नका. मात्र ती डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर लगेच दाखवा. वेळा बदलल्यावर टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी तपासा. आधी तपासला तर आकडा स्थिरावलेला नसतो.

प्रश्न : डोळ्यांत थेंब टाकला की गालावरून ओघळतो. दोन-तीन टाकावे लागतात.

डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, दुसरा टाकून बाटली लवकर संपते, इतकंच. हात धुवा, मान मागे टाका, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा आणि त्या खिशात एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. डोळा हलके मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून धरा. तिथून नाकात जाणारी नळी बंद होते, औषध डोळ्यात राहतं आणि घशात कडू लागत नाही. काचबिंदूच्या टिमोलॉलसारख्या थेंबांसाठी हे दाबणं विशेष महत्त्वाचं, कारण रक्तात उतरलं तर नाडी मंद होते आणि दमेकऱ्यांना दम लागू शकतो. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये ५ मिनिटं, मलम सर्वांत शेवटी. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. साधारण ४ आठवड्यांनी ती टाकायची, मग छापील एक्स्पायरी पुढच्या वर्षाची का असेना.

प्रश्न : मोठी गोळी गिळवत नाही. कुटून घेतली तर? आणि एक्स्पायरी झालेल्या गोळ्यांचं काय करायचं? — आजोबा

नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर किंवा एमआर असेल तर कुटू नका. दिवसभरात हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. पँटोप्रॅझोलसारख्या गोळीवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून वाचवायला असतं, कुटलं की औषध पोटातच नासतं. मेडिकलमध्ये विचारा, पुष्कळ औषधं सिरपमध्ये किंवा विरघळणाऱ्या गोळीत मिळतात.

पाकिटावर महिना-वर्ष एवढंच असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. त्यानंतरच्या गोळ्या संडासात टाकू नका. मेडिकलवाले परत घेतात का ते विचारा. घेत नसतील तर पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळा, पिशवी बांधा आणि मग कचऱ्यात टाका, म्हणजे कुणी उचलून खाणार नाही. इन्सुलिनच्या सुया मात्र पिशवीत नकोत. जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत साठवा, तीन चतुर्थांश भरली की झाकणावर चिकटपट्टी लावा आणि ती कुठे द्यायची ते दवाखान्यात विचारा.